व्हिटॅमिनच्या तपासणीचं रक्त किती तास टिकतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही रक्त गोळा करण्याचं एक छोटं केंद्र चालवता. सकाळी सॅम्पल घेता, सगळ्या ट्यूब फ्रिजमध्ये उभ्या करून ठेवता आणि संध्याकाळी गाडी आली की मोठ्या लॅबकडे पाठवता. व्हिटॅमिन डीच्या रिपोर्टबद्दल कुणाची तक्रार नाही. पण सीचा रिपोर्ट जवळजवळ प्रत्येकाचा कमी येतो, आणि फोलेट (म्हणजे बी९) अधूनमधून कुणाचं तरी भलतंच जास्त निघतं. डॉक्टरांनी विचारलं, म्हणून तुम्हाला एक आकडा हवाय: फ्रिजमध्ये सॅम्पल किती तास टिकतं?

असा एकच आकडा नाही, आणि कुणी दिला तर घेऊ नका. पण निम्मं उत्तर तुमच्या तक्रारीतच दडलंय. एकाच फ्रिजमधल्या, एकाच वेळी घेतलेल्या ट्यूबमधून डी बरोबर येतं, सी खाली जातं आणि फोलेट वर जातं. फ्रिज बिघडला असता तर सगळंच एका दिशेने गेलं असतं. प्रत्येक व्हिटॅमिनचं वैर वेगळ्या गोष्टीशी आहे. सीला ऑक्सिजन मारतो. फोलेटचा आकडा फुटलेल्या लाल पेशी फुगवतात. बी२, बी६ आणि के यांचं प्रकाशाशी जमत नाही. बी१ला यातलं फारसं काही होत नाही, पण ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात, फिरवली की ते आपण स्वतःच्या हाताने बाजूला काढून टाकतो. त्यामुळे ‘किती तास’ विचारण्याआधी ‘कशासाठीचं सॅम्पल’ हे विचारावं लागतं. माझ्या अनुभवात बहुतेक नुकसान फ्रिजचं दार उघडण्याआधी, सुई टोचल्यापासूनच्या पहिल्या तासात झालेलं असतं.

आधी एक खुलासा. यातलं बरंच काही तुमची लॅब कोणत्या पद्धतीने मोजते यावर ठरतं. एखाद्या किटला सीरमच (गुठळी झाल्यावर वर उरणारा द्रव) लागतं, एखाद्याला प्लाझ्मा (गुठळी होऊ न देता वेगळा केलेला द्रव) चालतो. काही लॅब जेलची (फिरवल्यावर पेशी आणि सीरममध्ये आडवा थर बसणारी) ट्यूब घेतात, काही परत पाठवतात. लॅबने दिलेल्या सूचनापत्रात आणि माझ्या सांगण्यात फरक दिसला तर सूचनापत्र पाळा, कारण त्यांची संदर्भ रेंज त्याच पद्धतीवर बेतलेली असते. मी त्यामागची कारणं सांगते, म्हणजे सूचनापत्रात जे लिहिलेलं नाही तिथे तुम्हाला स्वतः ठरवता येईल.

सुरुवात रक्त घेण्यापासून. टूर्निकेट, म्हणजे दंडाचा पट्टा, एक मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवलं की शिरेतलं पाणी बाहेरच्या ऊतींमध्ये झिरपतं आणि प्रथिनं मागे राहतात. डी, ए, ई ही व्हिटॅमिनं रक्तात प्रथिनांच्या किंवा मेदवाहकांच्या पाठीवर बसूनच फिरतात, म्हणून त्यांचा आकडा थोडा फुगतो. बारीक सुई, सिरिंजचा दांडा जोरात ओढणं, मग तेच रक्त सुईतून ट्यूबमध्ये दाबून सोडणं, अँटिकोॲग्युलंट (गुठळी होऊ न देणारं रसायन) मिसळावा म्हणून ट्यूब खसाखसा हलवणं, या सगळ्यांनी लाल पेशी फुटतात. ट्यूब आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करायची, बस. शिवाय जांभळ्या टोपीच्या (ईडीटीए हे अँटिकोॲग्युलंट असलेल्या) ट्यूबमधलं रक्त लाल किंवा पिवळ्या टोपीच्या (सीरमच्या) ट्यूबमध्ये कधीही ओतू नका. सॅम्पल कमी पडलं की हा मोह होतो. त्याने पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम खाली जातं आणि तिकडचा माणूस तासभर मशीनला दोष देत बसतो.

लाल किंवा पिवळ्या टोपीच्या ट्यूबला गुठळी व्हायला खोलीच्या तापमानात किमान अर्धा तास द्या. घाईने पाच-दहा मिनिटांत फिरवलं तर नंतर सीरममध्ये फायब्रिनचे धागे तयार होतात आणि मशीनची सुई अडकते. पेशंट रक्त पातळ होण्याची औषधं घेत असेल तर आणखी वेळ लागतो. पण अर्धा तास झाला, गुठळी बसली, की मग थांबायचं कारण नाही. साधारण १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट) बलावर दहा मिनिटं फिरवायचं आणि सीरम वेगळं करायचं.

या ‘जी’बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण छोट्या केंद्रांत इथेच गडबड दिसते. सेंट्रिफ्यूजच्या बटणावर मिनिटाला किती फेरे हे लिहिलेलं असतं, बल लिहिलेलं नसतं. बल काढायचं तर रोटरच्या मध्यापासून फिरत्या स्थितीतल्या ट्यूबच्या तळापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याला फेऱ्यांच्या वर्गाने गुणा आणि मग ०.००००१११८ने गुणा. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर ३००० फेऱ्यांवर जवळपास १५०० जी मिळतात. त्रिज्या १० सेंटिमीटरच असेल तर त्याच ३००० फेऱ्यांवर जेमतेम १००० जी. म्हणजे ‘आम्ही तीन हजारावर फिरवतो’ या वाक्याला मशीन कोणतं ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही. कमी बलावर जेलचा थर नीट बसत नाही आणि सीरमखालच्या पेशी वरच्या सीरमशी व्यवहार करत राहतात. आणि जेलची ट्यूब एकदा फिरवून ठेवल्यावर ‘अजून थोडं सीरम निघेल’ म्हणून पुन्हा फिरवू नका. जेलखाली पेशींबरोबर अडकलेला द्रव वर येतो.

आता न फिरवलेली ट्यूब थेट फ्रिजमध्ये ठेवण्याबद्दल. तुमची सध्याची पद्धत हीच आहे आणि मुळात ती बदलायला हवी. ‘गार म्हणजे सुरक्षित’ हा समज वेगळ्या केलेल्या सीरमपुरता बहुतेक वेळा बरोबर आहे. पेशी अजून आत असतील तर ४ अंशांना त्यांचा सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावतो आणि पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर गळतं. त्याच ट्यूबमधून कुणी इलेक्ट्रोलाइट (सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार) मागवले असतील तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसणार. व्हिटॅमिनांचं म्हणाल, तर संध्याकाळच्या गाडीत हिंदकळणाऱ्या न फिरवलेल्या ट्यूबमध्ये हिमोलिसिस होतं, म्हणजे लाल पेशी फुटतात, आणि त्याचा पहिला बळी फोलेट.

डीचं लवकर उरकते. आपण मोजतो ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. ते रक्तात वाहक प्रथिनाला घट्ट धरून असतं आणि फार चिवट आहे. वेगळं केलेलं सीरम खोलीच्या तापमानात एखाद-दुसरा दिवस राहिलं, वितळलं, पुन्हा गोठलं, तरी आकड्यात फारसा फरक पडत नाही. ट्यूबला फॉइल गुंडाळायचीही गरज नाही. डीचे दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर सॅम्पलपेक्षा आधी दोन लॅबच्या पद्धतींकडे बघा. इम्युनोॲसे (अँटिबॉडी वापरून मोजणं) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूच्या वजनावरून मोजणं) यांच्यात फरक येतो आणि तो कमी करण्यासाठी २०१० पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाचा कार्यक्रमच चालू आहे. तुमचे डीचे रिपोर्ट ठीक येतात ते तुमची साखळी चांगली आहे म्हणून नव्हे. डी तुमच्या चुका पोटात घालतं. केंद्राची परीक्षा घ्यायची तर डीवर घेऊ नका.

परीक्षा घ्यायची तर सीवर घ्या. ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच सी, शरीराबाहेर आलं की त्याचं ऑक्सिडेशन सुरू होतं आणि डिहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड बनतं. ही पायरी उलटी फिरवता येते. काही लॅब मोजण्याआधी एखादं क्षपणकारक रसायन घालून ते परत ॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये आणतात. पण डिहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड तसंच पडून राहिलं तर त्याचं डायकीटोगुलॉनिक ॲसिड होतं आणि तिथून परतीची वाट नाही. लॅबमध्ये कितीही भारी यंत्र असू दे, गेलेलं व्हिटॅमिन परत येत नाही. या क्रियेला उष्णता, प्रकाश आणि लोह-तांब्यासारखे धातू वेग देतात. हिमोलाइज्ड सॅम्पलमध्ये लोह मोकळं होतं, म्हणजे फुटलेल्या पेशी इथेही आड येतात, फक्त दिशा फोलेटच्या उलट.

यातून पद्धत आपोआप ठरते. ट्यूब आधीच गार करून ठेवा. बहुतेक लॅब हेपरिनची, म्हणजे हिरव्या टोपीची सांगतात, पण तुमच्या लॅबला विचारा. रक्त घेतल्या घेतल्या ती बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात, प्रकाशापासून झाकून ठेवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांत खुपसू नका. जिथे खडा काचेला किंवा प्लास्टिकला थेट टेकतो तिथे रक्ताचा बर्फ व्हायला लागतो आणि पेशी फुटतात. शक्य तितक्या लवकर, थंड होणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. प्लाझ्मा काढून लगेच ताज्या मेटाफॉस्फोरिक ॲसिडमध्ये मिसळा. हे आम्ल प्रथिनं खाली बसवतं आणि पीएच इतका खाली आणतं की ॲस्कॉर्बिक ॲसिड टिकून राहतं. मग तो भाग उणे ७० अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये ठेवा. अशा आम्लमिश्रित अवस्थेत तो दीर्घकाळ टिकतो. उणे २० अंशांवर मात्र हळूहळू घट होत राहते, त्यामुळे तिथे फार दिवस ठेवू नये.

दोन बारकावे. मेटाफॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण स्वतःच नाशवंत आहे. पाण्यात त्याचं हळूहळू साध्या फॉस्फोरिक ॲसिडमध्ये रूपांतर होतं आणि मग ते प्रथिनं नीट खाली बसवत नाही. म्हणून बाटलीवर बनवल्याची तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात संपवा किंवा फेकून द्या. दुसरं म्हणजे मिसळताना पिपेट अचूक हवी. समजा अर्धा मिलिलिटर प्लाझ्मात अर्धा मिलिलिटर आम्ल घालायचं आहे आणि प्लाझ्मा ०.०५ मिलिलिटर कमी पडला, तर उत्तर जवळपास ५ टक्के कमी येणार. लॅब आपल्या हिशेबाने दोनाने गुणून मोकळी होते, तिला हे कळायला मार्ग नाही.

आणि आकड्यांच्या भाषेत याचा अर्थ काय ते पाहा. लिटरमागे ११ मायक्रोमोलपेक्षा कमी, म्हणजे डेसिलिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी, याला सामान्यतः कमतरता म्हणतात. ज्याचं खरं प्रमाण ३० आहे त्याचं दोन तृतीयांश वाटेत गेलं तर रिपोर्टवर १० उमटतात आणि बऱ्या माणसाच्या फाइलवर स्कर्व्हीची शंका लिहिली जाते. तुमच्याकडे सगळ्यांचं सी कमी येतंय, त्यात काहींचं खरोखर कमी असेलही. पण या साखळीतून आलेल्या आकड्यावरून ते ठरवता येणार नाही. तुमच्याकडे थंड सेंट्रिफ्यूज, आम्ल आणि उणे ७०चा फ्रीझर नसेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे की सीचं सॅम्पल तुमच्याकडे घेऊच नका. पेशंटला थेट लॅबमध्ये पाठवा. न झालेली तपासणी पुन्हा करता येते. चुकीचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये कायमचा चिकटतो.

आता फोलेट. लाल पेशींच्या आत फोलेट सीरमच्या वीस-तीस पट, कधी त्याहूनही जास्त असतं. त्यामुळे थोड्याशा पेशी फुटल्या तरी सीरम फोलेट वर उडी मारतं, आणि कमतरता असलेला पेशंट नॉर्मल दिसतो. तुम्हाला ‘भलतंच जास्त’ दिसलं ते निदान लक्षात तरी आलं. खरी भीती त्या रिपोर्टांची, जे हिमोलिसिसमुळे कमीवरून बरोबर नॉर्मलमध्ये येऊन बसले आणि कुणाला खटकले नाहीत. सीरम वेगळं केल्यावर ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. गुलाबी झाक दिसली तर फोलेटसाठी ते सॅम्पल बाद, पुन्हा रक्त घ्या. ‘हलकंसं आहे, चालेल’ हे इतर तपासण्यांत कदाचित चालत असेल, इथे नाही.

हिमोलिसिस नसेल तरी फोलेट नाजूकच. ऑक्सिडेशनने ते खोलीच्या तापमानात उतरत जातं. वेगळं केलेलं सीरम फ्रिजमध्ये एखाद-दोन दिवस चालतं, त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर गोठवावं. ईडीटीएच्या प्लाझ्मात ते सीरमपेक्षा लवकर घटतं, म्हणून जांभळी ट्यूब सीरम फोलेटच्या ऐवजी चालवू नका. जांभळी ट्यूब लागते ती लाल पेशींतलं फोलेट मोजायला, आणि तो पूर्ण वेगळा प्रकार आहे. तिथे रक्त फिरवत नाहीत. चांगलं मिसळून त्यातला एक भाग दहा भाग १ टक्का ॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये टाकतात, म्हणजे एकूण अकरापट पातळ होतं. पेशी मुद्दामच फोडायच्या असतात. ॲस्कॉर्बिक ॲसिड फोलेटला जपतं आणि प्लाझ्मातलं एन्झाइम फोलेटच्या लांब शेपट्या तोडून ते मोजण्याजोगं करतं, म्हणून ते मिश्रण काही वेळ तसंच ठेवावं लागतं. सोबत त्याच वेळचा हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते) पाठवावाच लागतो. तो नसेल तर लाल पेशींतलं प्रमाण काढताच येत नाही.

यात एक खोच आहे. फोलेट वाचावं म्हणून सीरममध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड घालतात हे कळल्यावर काहीजण सगळ्याच सीरममध्ये घालतात. ते बी१२ला बाधक आहे. बी१२ एरवी बऱ्यापैकी टिकाऊ, वेगळं केलेलं सीरम फ्रिजमध्ये काही दिवस आरामात राहतं. पण त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड पडलं की बी१२चा आकडा खाली घसरतो. डॉक्टर नेमक्या या दोन तपासण्या जोडीनेच लिहितात, म्हणून दोन वेगळ्या कुप्या करायच्या आणि कुपीवर तसं लिहायचं.

बी१२च्या जोडीला होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं एक अमिनो ॲसिड) मागवलं असेल तर सावध. लाल पेशी ट्यूबमध्येही होमोसिस्टीन बनवून बाहेर सोडत राहतात. खोलीच्या तापमानात न फिरवलेल्या रक्तात ते तासाला साधारण १० टक्क्यांनी वाढतं. रक्त बर्फात ठेवून तासाभरात फिरवायचं. सकाळचं सॅम्पल संध्याकाळी फिरवलं तर होमोसिस्टीन वाढलेलं आणि बी१२ नॉर्मल असा रिपोर्ट येतो, आणि डॉक्टर त्यावर विचार करत बसतात.

बी१ची गंमत वेगळी. थायमिनचा, म्हणजे बी१चा, कामाचा प्रकार, थायमिन डायफॉस्फेट, जवळजवळ सगळा लाल पेशींच्या आत असतो. म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं संपूर्ण रक्त लागतं, न फिरवता. केंद्रावर सगळं फिरवायची हाताला सवय असते आणि ही ट्यूबही सवयीने फिरवली जाते, वरचा प्लाझ्मा काढून पाठवला जातो आणि लॅब मोजते जवळजवळ रिकामा द्रव. ट्यूबवर लाल पेनाने ‘फिरवू नये’ लिहा. संपूर्ण रक्त गोठवायला हरकत नाही. पेशी फुटल्या तरी मोजायचं सगळंच असतं. बी१साठी रक्त थायमिन देण्याआधी घ्यायचं, पण पेशंट गोंधळलेला, डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या असा असेल तर सॅम्पलसाठी उपचार एक क्षणही थांबवायचा नाही. हा निर्णय डॉक्टरांचा, पण सुई हातात धरणाऱ्यालाही हे माहीत हवं.

प्रकाशाकडे येऊ. बी२ प्रकाशात झपाट्याने विघटित होतं, बी६ म्हणून मोजलं जाणारं पायरिडॉक्सल फॉस्फेटही, आणि के१ तर अगदीच. के१ रक्तात इतकं अल्प असतं की थोडी हानीही रिपोर्टवर ठळक दिसते. ए, ई आणि कॅरोटिनॉइड थोडे सोशिक, पण त्यांनाही झाकायचंच. प्रकाशाचा निळा आणि अतिनील भाग त्रास देतो, म्हणून खिडकीतलं ऊन सगळ्यात वाईट आणि ट्यूबलाइटही निर्दोष नाही. ट्यूबला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची ती रक्त घेतल्या घेतल्या, तळासकट. फिरवतानाही ती राहू द्या. सीरम काढल्यावर ते गडद तपकिरी कुपीत घाला, नाहीतर कुपीलाही फॉइल. आता यातली प्रत्यक्षातली अडचण सांगते. फॉइल गुंडाळली की बारकोड झाकला जातो. लॅबच्या काउंटरवरचा माणूस बारकोड वाचायला फॉइल सोलून काढतो आणि पुढचे दोन तास ट्यूब उघड्यावर दिव्याखाली उभी राहते. तुम्ही सगळं बरोबर करूनही रिपोर्ट चुकतो. उपाय सोपा: एक लेबल ट्यूबवर, त्याच क्रमांकाचं दुसरं फॉइलवर.

बी६ बाबत आणखी एवढंच, की रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पायरिडॉक्सल फॉस्फेटचा फॉस्फेट तोडत राहतं, म्हणून ईडीटीए प्लाझ्मा लवकर वेगळा करून गोठवावा. ए आणि ई बाबत लॅबने जेल नको म्हटलं तर वाद घालू नका. मेदात विरघळणारी द्रव्यं जेलमध्ये शिरू शकतात. ईचा आकडा कोलेस्टेरॉलबरोबरच वाचावा लागतो, कारण ते लिपिडवर बसून फिरतं. लिपिड जास्त असलेल्याचं ई वरवर भरपूर दिसतं.

सगळंच सॅम्पलवर ढकलू नये. पेशंटला ताप किंवा मोठा संसर्ग असेल तर सी, ए, बी६ रक्तात खरोखरच खाली जातात. तेव्हा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) सोबत पाहिलेला बरा. ए, ई, केसाठी पेशंट उपाशीपोटी हवा. फोलेट आणि सीसाठीही, कारण नुकतंच खाल्लेलं आणि सकाळी घेतलेली गोळी आकड्यात दिसते. बी१२चं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर त्या रिपोर्टला अर्थ नाही. आणि बायोटिन (बी७) विचारायला विसरू नका. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं, आणि काही इम्युनोॲसेंत बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडीच सांगाडा म्हणून वापरलेली असते. अशा किटवर डी, बी१२, फोलेट खोटे जास्त येतात, थायरॉइडसाठीचं टीएसएच खोटं कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं तर लोक ही गोळी सांगत नाहीत, त्यांच्या लेखी ते औषधच नाही. ‘केसांसाठी काही घेता का?’ असं विचारा.

फ्रीझरबद्दल. घरगुती, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर वापरू नका. बर्फ साठू नये म्हणून तो मधूनमधून आतून गरम होतो आणि तुमच्या कुप्या नकळत अर्धवट वितळून पुन्हा गोठतात. डीला त्याचं काही वाटत नाही, सी आणि फोलेटला वाटतं. सीरम एका मोठ्या कुपीत न ठेवता छोट्या छोट्या कुप्यांत वाटा, म्हणजे पुन्हा तपासायची वेळ आली तर नवी कुपी उघडता येते. कुपी काठोकाठ भरू नका, गोठताना द्रव फुगतो. आणि वितळलेलं सीरम मिसळल्याशिवाय वापरू नका: गोठवलेल्या सरबतात जसा वर फिका बर्फ आणि खाली गोड पाक राहतो, तसे सीरममध्येही थर पडतात. सात-आठ वेळा सावकाश उलटंसुलटं केलं की झालं. हे काम लॅबचं, पण सॅम्पल वाटेत वितळलं असेल तर त्यांना तसं कळवणं तुमचं. ड्राय आइसमध्ये पाठवत असाल तर डब्याला हवा जायला वाट ठेवा; त्याचा वायू कोंडला तर डबा फुटू शकतो. आणि कुपीचं झाकण घट्ट हवं, नाहीतर तोच कार्बन डायऑक्साइड सीरममध्ये शिरून पीएच बदलतो.

हे सगळं वाचून घाबरून जाऊ नका, तुमच्या केंद्रावर करायचे बदल मोजकेच आहेत. सी आणि के१ लॅबकडे वळवा. बाकीच्यांसाठी दोन ट्यूब पुरतात: एक सीरमची, अर्ध्या तासाने फिरवून, न फोडता वेगळी केलेली, त्यातून फोलेटची एक कुपी आणि बी१२ची दुसरी, दुसरी जांभळी, बी१साठी, न फिरवलेली. ए-ई मागवलं असेल तर पहिलीला फॉइल, बी६ असेल तर तिसरी ट्यूब, जांभळी, फॉइलमध्ये. फॉर्मवर दोन वेळा लिहा: रक्त घेतल्याची आणि सीरम वेगळं केल्याची. बहुतेक फॉर्मवर पहिलीच असते. दुसरी नसल्यामुळे चुकीचा रिपोर्ट कुठे बिघडला हे शोधता येत नाही. दुसऱ्या वेळेसाठी शिक्का करून घ्या, हाताने लिहायचा कंटाळा येतो.

आणि तुमच्या ‘किती तास’ या मूळ प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच काढू शकता, तेच सगळ्यात खात्रीचं. स्टाफमधल्या राजी असलेल्या पाच-सहा जणांचं रक्त घ्या, प्रत्येकाच्या दोन-दोन ट्यूब, एकाच टोचणीत. एक लगेच आदर्श पद्धतीने हाताळा, दुसरी तुमच्या नेहमीच्या रिवाजाने संध्याकाळपर्यंत राहू द्या. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खेपेत तपासायला सांगा, नाहीतर मशीनचा दिवसागणिक फरक त्यात मिसळतो. एकाच माणसाच्या दोन आकड्यांत पाच-सात टक्क्यांचा इकडचा तिकडचा फरक पद्धतीतला असतो, त्यावर काही ठरवू नका. पण सगळ्यांत फरक एकाच दिशेला जात असेल तर तो लहान दिसला तरी खरा आहे. लॅबला आधी विश्वासात घ्या. चांगली लॅब अशा कामाला नाही म्हणत नाही, उलट त्यांच्या गाडीचं तापमानही त्यात कळतं.

राहिला प्रश्न दिलेल्या रिपोर्टांचा. डी आणि बी१२चे रिपोर्ट मी मागे घेणार नाही. सीचे सगळे संशयास्पद मानून डॉक्टरांना तसं लेखी कळवा. फोलेटच्या बाबतीत लॅबला विचारा की त्या सॅम्पलवर हिमोलिसिसची नोंद होती का. हल्लीची मशीनं ती आपोआप करतात, फक्त ती छापील रिपोर्टवर येतेच असं नाही. नोंद असलेल्यांचं रक्त पुन्हा घ्या. ज्यांनी दरम्यान गोळ्या सुरू केल्या आहेत त्यांचं पुन्हा घेऊन उपयोग नाही, तिथे पेशंटची लक्षणं आणि रक्ताचं साधं चित्र पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या.